बहीण बाळंतपणाला यायलीय. मागची खोली नऊ हजारांत कशी तयार करू?

मामा_होणार, लातूर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायलीय. डोहाळजेवण झालं की आणायचं ठरलंय. तारीख दिलीय एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची, म्हणजे ऐन उन्हात. आज फेब्रुवारीची सुरुवात आहे, हातात जेमतेम अडीच महिने.

घरात समोरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची एक. मागची दहा बाय अकरा. तिला आम्ही खोली म्हणतच नाही, 'ड्रमची' म्हणतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्याच उन्हाळ्यात बाबांनी दोनशे लिटरचे आठ निळे ड्रम आणले, ते तिथं बसले ते बसलेच. बाबा आता नाहीत, पण आई ड्रम रिकामे होऊ देत नाही. मागच्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं अंगणात गुडघाभर पाणी होतं आणि आत आठ ड्रम काठोकाठ! हसावं का रडावं.

ड्रमाशिवाय तिथं सहा पोती सोयाबीन (बियाण्याचं), तुरीचे दोन कट्टे, फवारणीचा पंप, अर्ध्या-पाव औषधाच्या बाटल्या, बंद पडलेला कूलर आणि एक पाळणा. पश्चिमेच्या भिंतीनं त्या पावसात ओल धरली ती अजून आहे, कमरेपर्यंत पोपडे सुटलेत. पश्चिमेलाच एक खिडकी, वर स्लॅब. दुपारी तीनला भिंतीला हात लावला तर पोळतो, आणि हे थंडीतलं सांगतोय.

पैसे नऊ हजार. 2025 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5,328 असताना सोयाबीन 4,150 नं घालून आलोय, त्यामुळं जास्तीचं विचारू नका. दवाखान्याचे वेगळे ठेवलेत, त्यातले काढणार नाही.

आता पाळण्याचं. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, भूकंपात घराचं माळवद (मातीचं सपाट छत) बसलं. ढिगाऱ्यातनं आजोबांनी ज्या चार वस्तू धड काढल्या त्यात हा सागवानी पाळणा. मी त्यातच वाढलो, पुढं लातूरला आल्यावर बहीणही. आईचं म्हणणं, लेकरू घालायचं तर ह्याच पाळण्यात. वरनं हिरवा ऑइलपेंट आहे, जागोजागी उडालाय. घासून नवा रंग दिला तर चालंल का? आणि त्या भिंतीला कुठला रंग टिकंल? बायको मोबाईलवर ढगांचे, हत्तींचे फोटो दाखवायलीय. मला आधी उन्हाचं भ्या वाटतंय.

—

परभणीची सिस्टर

दादा, मी अठरा वर्षं प्रसूती वॉर्डात आहे. ढग-हत्ती नंतर बघू. आधी ते 'औषध' बाहेर काढा. आपण कीटकनाशकाला औषध म्हणतो ना, म्हणून ते पलंगाखाली ठेवायचीसुद्धा कुणाला भीती वाटत नाही. बाटल्या, पंप, मोजायचं झाकण, फवारताना घातलेला शर्ट, सगळं घराबाहेर कुलपात. नंतर फरशी आणि हात पोचेल तिथवरच्या भिंती साबणाच्या पाण्यानं धुवायच्या, झाडायच्या नाहीत. आणि हे काम बहिणीनं करायचं नाही, ती यायच्या आत तुम्ही करायचं.

दुसरं, आणि याचं उत्तर मला इथं हवंय: तुरीत गोळ्या टाकल्यात का?

ड्रमांबद्दल तुमच्या आईशी भांडू नका, लातूरच्या माणसाला ते सांगून पटत नाही. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिल्लू उडतं. बाळंतिणीच्या खोलीत पाणी नको. बाहेर ठेवा, तोंडाला कापड घट्ट बांधा, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासून कोरडा करा. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी कडेला चिकटून राहतात.

आणि एक विचारते, जे कुणीच विचारत नाही. त्या खोलीपासून संडास किती पावलं? मध्ये पायरी आहे का? रात्री दिवा आहे का? टाके पडले तर तुमची बहीण पहिले आठ-दहा दिवस भिंत धरून चालेल. सगळे खोली बाळासाठी सजवतात, त्या खोलीत राहायचं असतं बाईला.

—

मामा_होणार, लातूर

सिस्टर, आईला विचारलं. तुरीत गोळ्या आहेत. दोन कट्ट्यांत दोन-दोन, कापडात बांधून. दिवाळीनंतर टाकल्यात म्हणायलीय. त्याच्या शेजारच्या खोलीत आम्ही झोपतो.

संडास अंगणाच्या पलीकडं. तेरा पावलं, दोन पायऱ्या, दिवा नाही. मोजून आलो.

—

परभणीची सिस्टर

बरं झालं विचारलं. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानंसुद्धा त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम. तो हवेपेक्षा थोडा जड असतो, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि झोपलेल्या माणसाला कळत नाही. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतच नाही. वासावर विसंबायचं नाही. लेकरं मोठ्यांच्या आधी जातात. राहत्या घरात त्या वापरायच्याच नसतात, त्या जाणकाराच्या देखरेखीखाली बंद गोदामासाठी आहेत. दुकानदार सुट्या देतो म्हणून त्या साध्या होत नाहीत.

दिवाळीपासूनच्या म्हणजे बराचसा वायू निघून गेला असेल, पण धरून चालू नका. दारं-खिडक्या सताड उघडा, दिवसभर हवा खेळू द्या, त्या दिवशी शेजारच्या खोलीतही झोपू नका. उरलेल्या भुकटीला पाणी लावायचं नाही, उघड्या हातानं धरायचं नाही, चुलीत तर मुळीच नाही. ती कशी पुरायची ते कृषी सहायकाला विचारून करा. कुणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपल्यासारखं झालं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा आणि 'धान्यातल्या गोळ्या होत्या' हे पहिल्या वाक्यात सांगा.

तूर पत्र्याच्या कोठीत, नीट वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. थोडी किडली तर किडली.

—

रंगारी, नांदेड

भाऊ, मी बावीस वर्षं रंगकाम करतो. ओल्या भिंतीला जगातला कुठलाच रंग टिकत नाही, कुणी दुकानदार काही म्हणो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. कमरेपर्यंत पोपडे म्हणजे बहुतेक पाणी खालनं चढलंय, वरनं गळत नाही. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला माती चढलीय का बघा, अंगणाचा उतार घराकडं आहे का बघा. तिथली वीतभर माती ओढून उतार बाहेर करा. खर्च शून्य, एक दिवस फावडं. मग आतले पोपडे तारेच्या ब्रशनं खरवडा, पांढरं मीठ कोरड्या ब्रशनं झाडा (पाण्यानं धुतलं तर ते परत भिंतीतच जातं) आणि मार्चअखेरपर्यंत भिंत उघडी ठेवा. मराठवाड्याचं ऊन फुकट आहे, ते भिंत वाळवतं.

मग डिस्टेंपर नको, चुना द्या. कळीचा चुना रात्रभर विरवून, वस्त्रगाळ करून, थोडा डिंक घालून, पातळ-पातळ तीन हात. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल आत कोंडत नाही, वास राहत नाही. नीळ चिमूटभरच घाला. जास्त पडली की खोली पोलीस चौकीसारखी दिसते. चुना विरवताना उकळ्या फुटतात, तोंड पुढं करू नका, डोळ्याला चष्मा लावा. माझा एक पोरगा आठ दिवस डोळा बांधून होता.

उन्हाचं म्हणाल तर आतून काहीही रंगवा, फरक पडणार नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातनंतर खाली सोडतो, म्हणून रात्री पंखा लावला की गरम वारं येतं. गच्ची झाडून, धुऊन, वरनं चुन्याचेच दोन जाड हात मारा. पायाला कळंल एवढा फरक पडतो. त्याच्यावर हात-दीड हात उंचीवर हिरवी शेडनेट बांधली तर आणखी बरं. स्लॅबला चिकटवून अंथरू नका, मधून वारं गेलं पाहिजे. आमच्याकडं काही जण तुराट्या पसरतात, गारवा येतो पण विंचू पण येतात. लेकराच्या डोक्यावर नको.

पाळण्याचं ऐका. तो हिरवा ऑइलपेंट जुना आहे. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर चालत नाही असा नियम आला. त्याच्या आधीच्या ऑइलपेंटात, खास करून हिरव्या-पिवळ्या-लालमध्ये, शिसं धरूनच चालायचं. सँडपेपरनं कोरडा घासायचा नाही, ब्लोलॅम्पनं जाळायचा तर नाहीच. ती धूळ, तो धूर लेकरासाठी रंगापेक्षा वाईट. काढायचाच तर रिमूव्हर लावून, अंगणात, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, ओलं ठेवून खरवडायचं. बहीण घरात असताना नाही.

—

मावशी, अंबाजोगाई

अरे बाबा, पाच बाळंतपणं काढली मी या हातानं, दोन लेकींची आणि तीन सुनांची. एवढी भीती कशाला घालता पोराला. खोली सारवलेली, स्वच्छ आणि वाऱ्याची असली की झालं. बाजेवर तुझ्या आईच्या लुगड्यांची जुनी वाकळ घाल, बाजारची गादी नको, उन्हाळ्यात पाठ भाजते. पाचव्या दिवशी सटवाई पुजायला एक कोनाडा मोकळा ठेव. बाळाला राईची उशी शिव, डोकं गोल होतं. संध्याकाळी ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी. दार लावून घ्यायचं म्हणजे वारं लागत नाही.

आणि कापूस पिंजारी अजून येतो का रे लातुरात? जुनी गादी पिंजून घे बहिणीसाठी, नवी घेऊ नको.

—

परभणीची सिस्टर

मावशी, वाकळ आणि कोनाडा दोन्ही मान्य. पण दार लावून निखाऱ्याची धुरी नको हो. कोळशाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही, वास येत नाही, आणि आई-बाळ दोघं त्यात झोपलेले असतात. करायचीच तर बाळ दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, आणि शेगडी बाहेर नेल्यावरच बाळ आत.

राईची उशी पण नको. पहिलं वर्षभर उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणं नाही. बाळ पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर. बाजेला मध्ये झोळ असतो, त्यात बाळ नको. आईनं खुशाल झोपावं. डोकं गोल व्हायला जागेपणी, समोर बसून थोडा वेळ पालथं घाला.

मामा, तुमच्या उन्हासाठी: कूलर लावा, पण वारा भिंतीवर आपटून यावा, थेट बाळावर नको, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर खोलीत नुसता दमट उकाडा होतो. कूलरची टाकीसुद्धा ड्रमच आहे, आठवड्याला कोरडी करा. खोली 25 ते 28 अंशांत राहिली तर उत्तम. लातूरच्या मे महिन्यात ते होणार नाही, मग जमेल तेवढं. बाळाला एकच सुती झबलं पुरे. बाळ गरम आहे का हे मानेमागं आणि छातीला हात लावून बघायचं, तळव्याला नाही. आणि कितीही ऊन असो, पहिले सहा महिने चमच्यानं पाणी पाजायचं नाही. अंगावरच्या दुधात पाणी असतं. तहान आईला लागते, तांब्या तिच्या हाताशी ठेवा.

—

संभाजीनगरचा_बाप

मी फक्त माझा मूर्खपणा सांगतो. दोन वर्षांपूर्वी फ्लॅटची तिसरी खोली नर्सरी केली. 38,000 घातले. भिंतीवर चंद्र, डब्यांची कपाटं, कठड्याचा बेड, रंगीत पडदे. पोरगी तिथं किती रात्री झोपली? शून्य. रात्री दर दोन तासांनी दूध, कोण त्या खोलीत जाणार? बेड आमच्या खोलीत ओढून आणला, आणि डॉक्टर म्हणाल्या तेच बरोबर, पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत पण आपल्या वेगळ्या अंथरुणावर. त्या चंद्राखाली आज माझी इस्त्रीचे कपडे पडतात.

कामाला आलं ते असं: हात टेकता येतील अशी एक खुर्ची, दूध पाजायला. आमची प्लास्टिकचीच होती, पाठीला उशी. एक झिरोचा पिवळा दिवा, कारण रात्री मोठा लाईट लावला की बाळ जागं होतं ते होतंच. मेणकापड दोन, एक वाळत असतं. आणि खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी, बाईला बसल्या जागेवरून लंगोट घेता यावा म्हणून. एवढंच. कठड्याचा बेड मित्राचा जुना मिळाला तर घ्या, फक्त दोन पट्ट्यांतली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अंग जातं आणि डोकं अडकतं.

—

मामा_होणार, लातूर

मंडळी, आज 22 मार्च. सांगायला आलोय.

गोळ्या त्याच आठवड्यात गेल्या. कृषी सहायक स्वतः आले. आम्ही तीन रात्री समोरच्या खोलीत झोपलो, आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनंच गल्लीतल्या तीन घरी जाऊन विचारलं, 'तुमच्या तुरीत काय टाकलंय?' दोन घरांत होत्या.

औषधं आणि पंप शेतातल्या शेडात, कुलूप लावून. सोयाबीन चुलतभावाकडं ठेवलं.

अंगणाचं रंगारीभाऊ म्हणाले तसंच निघालं. उतार घराकडं होता, बाबांनी कधीतरी तुळशीच्या कट्ट्यासाठी भर टाकलेली. दीड दिवस फावडं मारलं. भिंत आता हाताला कोरडी लागायलीय, पण आणखी आठ दिवस उघडी ठेवणार. गच्चीला चुना दिला. दुपारी अनवाणी उभं राहून बघितलं: चुन्यावर उभं राहता येतं, शेजारच्यांच्या गच्चीवर येत नाही. शेजारी आता मला चुन्याचं प्रमाण विचारायलेत.

संडासापर्यंत वायर ओढली, दिवा लावला, पायऱ्यांना पाइपाचा कठडा बसवला. वेल्डरनं 1,400 घेतले. एवढ्या खर्चात सगळ्यात मोठा हाच. जुना कूलर दुरुस्त होऊन, नव्या जाळ्या घालून 1,150. खिडकीला डासाची जाळी, चुना, डिंक, झिरोचा दिवा, मेणकापड, पिंजाऱ्याची मजुरी (मावशी, सापडला, गंजगोलाईच्या मागं एक जण अजून बसतो), शेडनेट आणि बांबू धरून 5,900 च्या आसपास गेलेत. लेकराची वेगळी गादी सुतारानं साध्या फळीच्या चौकटीत बसवून दिली, तिचे पैसे अजून द्यायचेत. खुर्ची शेजारच्या मास्तरांची उसनी.

पाळणा. मी अंगणात प्लास्टिक अंथरून, रिमूव्हर लावून एका खांबाला सुरुवात केली. हिरव्याखाली निळा निघाला. आई म्हणाली निळा तुझ्या वेळचा. निळ्याखाली गेरू, तो बाबांच्या वेळचा, म्हणजे तिला सासरी आल्यावर दिसलेला. आणि खांब जिथं चौकटीत शिरतो त्या खाचेत नखाएवढी पांढरी माती अडकलेली. माळवदाची. साडेबत्तीस वर्षं तिथंच. मी स्क्रॅपर खाली ठेवला. आईनं ती माती काढू दिली नाही.

मग असं ठरलं: तो एक खांब तसाच अर्धा सोललेला, पुसून, आता रंगबिंग काही नाही. लेकरू झोपणार फळीच्या चौकटीत. बारशाला तेवढा वेळ पाळण्यात, सगळीकडनं नवं कापड गुंडाळून, नाव ठेवून झालं की बाहेर. पट्ट्यांतली फट पण मोजली, साडेनऊ सेंटिमीटर भरली. आईला टेप हातात धरायला लावला म्हणून पटलं, नाहीतर पटलं नसतं.

बायकोनं एका भिंतीवर खडूनं एक हत्ती काढलाय. चुन्याच्या आधी. पुसला तर परत काढीन म्हणायलीय.

ड्रम सहा गेले. दोन आईनं ठेवून घेतले, जिन्याखाली, तोंडाला बाबांच्या जुन्या धोतराचं कापड बांधून. दर रविवारी ती स्वतः रिकामे करून घासते आणि सोमवारी पुन्हा भरते.